डीप पर्पल म्हणजे नेमकं कोण?

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा नियम असा आहे की पहिली ध्वनिमुद्रिका निघून पंचवीस वर्षं झाली की बँड पात्र ठरतो. डीप पर्पलची पंचवीस वर्षं १९९३ मध्येच भरली होती. सन्मान मिळाला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये. उशिराबद्दलची कुरकुर तिथेच संपायला हरकत नव्हती, पण सन्मानितांच्या यादीने एक जुनं भांडण पुन्हा उकरून काढलं. यादीत आठ नावं होती : रिची ब्लॅकमोर, जॉन लॉर्ड, इयन पेस, रॉड एव्हन्स, इयन गिलन, रॉजर ग्लोव्हर, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज. त्या रात्री प्रत्यक्ष मंचावर गिटार वाजवणारा स्टीव्ह मोर्स मात्र त्यात नव्हता. तोवर त्याला बँडमध्ये येऊन एकवीस वर्षं झाली होती. ब्लॅकमोरच्या दोन्ही कारकिर्दी जोडल्या तरी एवढी वर्षं होत नाहीत. की-बोर्डवर बसलेला डॉन एअरी यादीत नव्हता आणि पहिल्या तीन अल्बमचा बेसवादक निक सिम्परही नव्हता. ब्लॅकमोरचं नाव होतं, पण तो आला नाही.

१९६८ पासून या बँडमध्ये पंधरा जण वाजवून गेले किंवा अजून वाजवत आहेत. सुरुवातीपासून आजवर प्रत्येक अल्बमवर असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. पथकं इतक्यांदा बदलली की चाहत्यांनी त्यांना क्रमांक दिले आहेत : मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री, असं करत आता मार्क नाइन. त्यामुळे डीप पर्पलबद्दलची कुठलीही चर्चा दहाव्या मिनिटाला एकाच प्रश्नावर येते : यातला खरा डीप पर्पल कोणता? या प्रश्नावर पन्नास वर्षांत काय काय म्हटलं गेलं, त्यातलं काय टिकतं आणि काय अजून लोंबकळत आहे, हे इथे क्रमाने पाहायचं आहे.

चक्राची कल्पना

बँडची मूळ कल्पना या पंधरांपैकी कुणाचीच नव्हती. 'सर्चर्स' या लिव्हरपूलच्या बँडचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस याने १९६७ मध्ये लंडनच्या टोनी एडवर्ड्स या व्यापाऱ्याला एक योजना ऐकवली. मधोमध कर्टिस राहील आणि भोवतीचे वादक गोल चक्रावर चढावं-उतरावं तसे येत-जात राहतील. नाव ठरलं 'राउंडअबाउट'. एडवर्ड्सने भागीदारांसह पैसे लावले. कर्टिस स्वतः लवकरच चक्रावरून उतरला, पण त्याने गोळा केलेला ऑर्गनवादक लॉर्ड आणि जर्मनीतून बोलावलेला गिटारिस्ट ब्लॅकमोर राहिले. पेस, सिम्पर आणि गायक एव्हन्स त्यांना येऊन मिळाले. हर्टफर्डशरमधल्या एका जुन्या घरात तालमी झाल्या आणि एप्रिल १९६८ मध्ये डेन्मार्कला पहिली मैफल झाली. ब्लॅकमोरच्या आजीला आवडणाऱ्या एका जुन्या गाण्यावरून नाव बदलून डीप पर्पल केलं गेलं.

पहिल्याच वर्षी 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, इंग्लंडमध्ये मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. गाणंही त्यांचं नव्हतं, जो साउथ या अमेरिकी गीतकाराचं होतं. वर्षभरात तीन अल्बम निघाले. त्यांत बीटल्सच्या गाण्याचं लांबवलेलं रूप आहे, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचे तुकडे आहेत, थोडी कल्पनारम्यताही आहे. ऐकायला वाईट नाहीत, पण आपला आवाज अजून सापडलेला नाही हे कळतं.

१९६९ च्या उन्हाळ्यात जे झालं ते मात्र पुढच्या वादासाठी महत्त्वाचं आहे. लेड झेपलिनचा पहिला अल्बम त्या जानेवारीत आला होता. ब्लॅकमोर आणि लॉर्डला जास्त जोरकस, जास्त आक्रमक संगीत हवं होतं आणि एव्हन्सचा मवाळ गळा त्याला पुरेसा वाटत नव्हता. त्यांनी 'एपिसोड सिक्स' या बँडमधून इयन गिलनला गायक म्हणून घेतलं, त्याच्याबरोबर त्याच बँडचा बेसवादक रॉजर ग्लोव्हरही आला. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या सभागृहात नव्या पथकाच्या तालमी सुरू झाल्या. एव्हन्स आणि सिम्परला पत्ता नव्हता. ते दोघे तोवर ठरलेल्या मैफली वाजवत होते. माणसं बदलून नाव चालू ठेवायचं हा शिरस्ता बँडने स्वतःच, दुसऱ्याच वर्षी घालून दिला होता. पुढे ज्यांनी 'खऱ्या' डीप पर्पलची बाजू घेतली त्यांना ही अडचण नेहमीच टाळावी लागली आहे.

चार वर्षं

गिलन, ग्लोव्हर, ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस या मार्क टूची पहिली कारकीर्द जुलै १९६९ ते जून १९७३ अशी जेमतेम चार वर्षांची. सगळा वाद शेवटी या चार वर्षांभोवती फिरतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

सुरुवात विचित्र झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने रचलेली 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' ही रचना बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर सादर केली. संचालन माल्कम अर्नोल्ड यांनी केलं. वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि बँडचं नाव एकदम मोठं झालं, पण चुकीच्या कारणासाठी, असं ब्लॅकमोरला वाटलं. पुढचा अल्बम सरळ आणि धडाकेबाज रॉकचाच हवा, हा त्याचा हट्ट मान्य झाला. जून १९७० चा 'इन रॉक' त्यातून आला. अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या जागी पाच जणांचे चेहरे असलेलं त्याचं मुखपृष्ठ आजही टी-शर्टांवर दिसतं.

'इन रॉक'मध्ये जो आवाज घडला त्याचं तांत्रिक कारण सांगितल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. त्या काळच्या बहुतेक रॉक बँडमध्ये गिटार पुढे आणि ऑर्गन मागे, रंग भरायला. हॅमंड ऑर्गनला सहसा लेस्लीचा फिरता स्पीकर जोडत, त्यातून गोल, तरंगता नाद येतो. लॉर्डने तो मार्ग सोडून ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली. नाद फाटका, खरखरीत आणि प्रचंड झाला. आता गिटार आणि ऑर्गन एकाच ताकदीने समोरासमोर उभे राहू शकत होते आणि राहिलेही. एकाने तान घ्यायची, दुसऱ्याने ती झेलून परतवायची. खाली पेसचे ड्रम्स. त्याच्या हातात जॅझची लवचीक चाल होती, त्यामुळे एवढ्या वजनाचं संगीतही धावतं राहिलं. आणि वर गिलनचा गळा, जो एका श्वासात कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाई. त्याच वर्षी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या मूळ ध्वनिमुद्रणात जीझसची भूमिका गायला त्याला बोलावलं गेलं ते याच गळ्यामुळे.

डिसेंबर १९७१ ची माँत्रोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तरी तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. बँड स्वित्झर्लंडला गेला तो तिथल्या कसिनोत अल्बम ध्वनिमुद्रित करायला, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झापाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली आणि कसिनो जळून गेला. माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी पोरांना बाहेर काढायला मदत केली, तेही त्या प्रसंगावरच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यात आले. सहसा न सांगितला जाणारा भाग त्यानंतरचा आहे. दुसऱ्या जागी ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, पोलीस आले. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंड बोळांत, गाद्या लावून आवाज अडवत, तीन आठवड्यांच्या आत 'मशीन हेड' पूर्ण झाला. आज जगभर गिटार शिकणारा प्रत्येक जण जी चार स्वरांची धून पहिल्यांदा वाजवतो, तिच्यावर बँडचा स्वतःचा फारसा भरवसा नव्हता. एकेरी तबकडी म्हणून ते गाणं अमेरिकेत १९७३ मध्ये, अल्बमनंतर वर्षभराने निघालं आणि चौथ्या क्रमांकावर गेलं.

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोतल्या तीन मैफलींचं ध्वनिमुद्रण झालं. जपानी कंपनीला ते हवं होतं, बँडला विशेष उत्साह नव्हता. मिश्रणाच्या कामाला पाचांपैकी ग्लोव्हर आणि पेस एवढेच हजर राहिले. 'मेड इन जपान' हा अल्बम त्यातून आला आणि रॉकमधल्या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणांचा मापदंड ठरला. त्या वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ११७ डेसिबल आवाज मोजला गेला आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. त्या नोंदीचा संगीताशी संबंध थोडाच, पण जाहिरातीला ती पुरली.

आणि याच काळात बँड मोडत होता. अमेरिकेचे दौरे संपत नव्हते, गिलनला कावीळ झाली, ब्लॅकमोर आणि गिलन एकमेकांशी बोलेनासे झाले. डिसेंबर १९७२ मध्ये गिलनने व्यवस्थापनाला राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनी, जून १९७३ मध्ये ओसाकात शेवटचं गायला. ग्लोव्हरलाही जावं लागलं, कारण ब्लॅकमोरला तो नको होता.

दोन गायक, मग कुणीच नाही

गिलनच्या जागी आलेला कव्हरडेल ईशान्य इंग्लंडमधल्या एका कपड्यांच्या दुकानात काम करणारा जवळजवळ अनोळखी मुलगा होता. ह्यूज 'ट्रपीझ' या बँडमधून आला, बेस वाजवणारा आणि स्वतः उत्तम गाणारा. दोन गळे मिळाल्याने १९७४ चा 'बर्न' वेगळाच झाला. त्यात सोल आणि फंक शिरलं, ताल कमरेत आला. त्याच वर्षाच्या अखेरच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये हे प्रमाण वाढलं आणि ब्लॅकमोरला ते सोसलं नाही. १९७५ मध्ये तो 'रेनबो' काढायला निघून गेला. त्याच्या जागी आलेला अमेरिकी टॉमी बोलिन हा प्रतिभावान, पण हेरॉइनच्या आहारी गेलेला. 'कम टेस्ट द बँड' हा त्याच्याबरोबरचा एकुलता अल्बम आज पूर्वीपेक्षा आदराने ऐकला जातो. त्यानंतरचा आशियाचा दौरा मात्र भयंकर गेला. जकार्तात बँडच्या ताफ्यातला एक माणूस मरण पावला, टोकियोत बोलिनचा हात नीट चालत नव्हता. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटची मैफल झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोलिन गेला, पंचविसाव्या वर्षी.

नाव कोर्टात

बँड बंद असतानाच या वादातला सर्वांत ठोस निकाल लागला. १९८० मध्ये अमेरिकेत अचानक 'डीप पर्पल' नावाने एक पथक दौऱ्यावर निघालं. मूळ बँडमधला त्यात एकच माणूस होता, पहिला गायक रॉड एव्हन्स. बाकी वादक भाड्याने घेतलेले. प्रेक्षक तिकीट काढून येत आणि चिडून परत जात. मूळ बँडच्या व्यवस्थापनाने दावा लावला. न्यायालयाने ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई ठोठावली आणि एव्हन्सने पहिल्या तीन अल्बमवरचं मानधनही गमावलं. त्यानंतर तो सार्वजनिक जीवनातून नाहीसाच झाला.

या निकालाकडे दोन्ही बाजू बोट दाखवतात. एक बाजू म्हणते की नावामागे खरी माणसं हवीत, नाहीतर ती फसवणूक. दुसरी बाजू म्हणते की कायद्याने नाव त्याच्या मालकांचं आहे, त्यांनी ज्याला ठेवलं तो डीप पर्पल. मला दुसरा अर्थ निकालाला जास्त जवळचा वाटतो. एव्हन्स संस्थापक गायक होता, तरीही हरला. संगीतावरचा हक्क आणि नावावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच स्पष्ट व्हायला हवं होतं. चाहत्यांच्या चर्चेत त्या आजही सर्रास एकमेकींत मिसळतात.

परत येणं आणि परत जाणं

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा अल्बम त्या भेटीचं सार्थक करणारा निघाला, त्याचं शीर्षकगीत आजही मैफलीत वाजतं. पण जुनी भांडणं तशीच होती. १९८९ मध्ये गिलनला काढलं, रेनबोचा माजी गायक जो लिन टर्नर आला आणि चाहत्यांनी या पथकाला 'डीप रेनबो' म्हणून हिणवलं. पंचविशीच्या निमित्ताने गिलन परतला. १९९३ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या मैफलीत ब्लॅकमोरने चालू कार्यक्रमात कॅमेरावाल्यावर पाणी फेकलं. चित्रीकरण चालू असल्याने ते कायमचं नोंदलं गेलं. काही दिवसांनी हेलसिंकीत त्याने शेवटची मैफल वाजवली आणि तो निघून गेला. ठरलेल्या मैफली जो सॅट्रिआनीने निभावल्या. १९९४ च्या अखेरीस स्टीव्ह मोर्स आला.

मोर्स हा 'डिक्सी ड्रेग्ज' या अमेरिकी वाद्यप्रधान बँडचा गिटारिस्ट. स्वच्छ, गणिती, जॅझ आणि कंट्री दोन्ही पचवलेला. ब्लॅकमोरचा धोका, त्याचा लहरीपणा, एका रात्री अप्रतिम आणि दुसऱ्या रात्री उदास वाजवणं यातलं त्याच्यात काही नव्हतं. बँडचं वातावरण निवळलं हे सगळेच सांगतात. १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर' नव्या पथकाचा पहिला आणि बहुधा सर्वांत चांगला अल्बम. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाला. ओझी ऑस्बर्नच्या 'मिस्टर क्राउली'ची सुरुवात ज्याने वाजवली तो डॉन एअरी आला. गिलन, ग्लोव्हर, पेस, मोर्स, एअरी हे पथक वीस वर्षं टिकलं. डीप पर्पलच्या इतिहासात इतकं कोणतंच टिकलेलं नाही, आणि इतकं कमी बोललंही कोणत्याच पथकाबद्दल जात नाही. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या बॉब एझ्रिनने २०१३ पासून त्यांचे अल्बम हाताळले. त्यांतला 'नाऊ व्हॉट?!' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, तर 'वूश!' २०२० मध्ये ब्रिटनमध्ये चौथ्या. २०२२ मध्ये घरच्या आजारपणामुळे मोर्स बाहेर पडला, बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला आणि २०२४ मध्ये '=१' हा अल्बम निघाला. निरोपाचा म्हणून जाहीर केलेला 'द लाँग गुडबाय' दौरा २०१७ मध्ये सुरू झाला होता. निरोप खरोखरच लांबला.

पक्ष आणि त्यांचे दावे

सर्वांत मोठा पक्ष मार्क टूवाल्यांचा. त्यांचा पुरावा भक्कम आहे. आजही कुठल्याही मैफलीचा कणा 'इन रॉक' आणि 'मशीन हेड'मधूनच येतो, आणि जगाला डीप पर्पल म्हणून जे ऐकू येतं ते त्या चार वर्षांत घडलं. अडचण एवढीच की हाच मार्क टू १९८७ मध्ये 'द हाउस ऑफ ब्लू लाइट'सारखा थकलेला अल्बमही करतो. तीच पाच माणसं, तीच वाद्यं, तरी ती गोष्ट होत नाही. म्हणजे पाच नावं जमवली की डीप पर्पल होतो, एवढं सोपं ते नाही.

दुसरा पक्ष ब्लॅकमोरचा. त्याच्या मते बँडचा लेखक तोच, बाकीचे उत्तम सहकारी. रिफ म्हणजे गाण्याला धरून ठेवणारी छोटी, परत परत येणारी धून, आणि डीप पर्पलचे गाजलेले बहुतेक रिफ त्याचे आहेत हे कुणी नाकारत नाही. अभ्यासकांनीही त्याला महत्त्व दिलं आहे. रॉबर्ट वॉल्झर यांनी १९९३ च्या आपल्या हेवी मेटलवरच्या पुस्तकात 'हायवे स्टार'च्या सोलोमधले बरोक संगीताचे संस्कार उलगडून दाखवले. पण ब्लॅकमोरपक्षाला एक कागद आडवा येतो, तो म्हणजे अल्बमवरचा श्रेयनिर्देश. मार्क टूच्या १९७० ते १९७३ च्या गाण्यांवर पाचही जणांची नावं समान आहेत. 'बर्न'पासून ही पद्धत बदलली, पण तोवर जे घडायचं ते घडून गेलं होतं. समान श्रेय हा पैशांबाबतचा समजूतदार करार होता, की कामाचं खरं वर्णन, हे कागदावरून कळत नाही. मुलाखतींवरून तर त्याहून नाही, कारण प्रत्येक मुलाखत आपापल्या बाजूला झुकते.

लॉर्डचा पक्ष लहान आहे आणि मला तो अन्यायाने लहान राहिलेला वाटतो. त्याचं म्हणणं असं : मोठ्या आवाजाचे गिटारिस्ट त्या काळात शेकड्याने होते, गिटारशी बरोबरीने भांडणारा ऑर्गन मात्र इथेच होता. ब्लॅकमोर गेल्यावर 'पर्पेंडिक्युलर' ऐकला तरी हा डीप पर्पल आहे हे तात्काळ ओळखू येतं, ते ऑर्गनमुळे. या दाव्याची परीक्षा २००२ नंतरच होऊ शकली, कारण तोवर लॉर्ड आणि पेस प्रत्येक पथकात एकत्र होते. एअरीने तो नाद जपला हे खरं. पण जपणं आणि घडवणं यांतलं अंतर ऐकणाऱ्याला जाणवतं. १९९९ मध्ये कॉन्चेर्टो पुन्हा सादर करायचं ठरलं तेव्हा मूळ स्वरलिपी हरवलेली होती. मार्को द हूइ या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण ऐकून-पाहून ती लॉर्डबरोबर पुन्हा उभी केली आणि त्या सप्टेंबरात अल्बर्ट हॉलमध्ये ती वाजली. लॉर्ड जुलै २०१२ मध्ये गेला. कॉन्चेर्टोचं नाव आज तरी त्याच्याशीच जोडलेलं आहे.

'बर्न'वाल्यांची तक्रार निराळी आहे. त्यांना अस्सलपणाचा किताब नको, गाणी हवी आहेत. गिलन कव्हरडेल-ह्यूज काळातलं काही गात नाही. त्यामुळे मार्क थ्री आणि मार्क फोरची गाणी मूळ नावाच्या बँडमधून जवळपास बाहेर पडली. कव्हरडेलने २०१५ मध्ये आपल्या 'व्हाइटस्नेक'कडून ती 'द पर्पल अल्बम' म्हणून पुन्हा गाऊन घेतली, ह्यूजने 'बर्न'च्या पन्नाशीला त्यावर दौरे केले. थोडक्यात, डीप पर्पलची काही महत्त्वाची गाणी ऐकायची तर डीप पर्पल सोडून दुसरीकडे जावं लागतं.

शेवटचा पक्ष संस्थेचा. त्याच्या दृष्टीने बँड ही एक चालती मंडळी आहे, माणसं येतील, जातील. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली, पुढे बालगंधर्व तिच्यात आले, आणि १९१३ मध्ये ते, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडल्यावर 'खरी' परंपरा कुणाकडे गेली यावर प्रेक्षकांत दोन तट पडलेच. फरक एवढाच की नाटक मंडळीकडे लिहिलेलं नाटक असे, नट बदलला तरी संहिता तीच. रॉकमध्ये संहिता म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि ध्वनिमुद्रणात माणूस चिकटलेला असतो. संस्थापक्षाला याचं उत्तर अजून नीट देता आलेलं नाही. त्याचा सर्वांत मोठा आधार पेस आहे. तो आहे तोवर एक धागा अखंड आहे, असं म्हणता येतं.

मुंबईचे दोन धागे

या कथेत मुंबई दोनदा येते. 'इन रॉक'मधल्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या 'बॉम्बे कॉलिंग' या वाद्यरचनेवर बेतली आहे. डीप पर्पलने हे कधी लपवलं नाही. त्या बँडनेही मग डीप पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वर आपली एक रचना बेतली. दोन्हीकडून फिट्टंफाट झाली आणि कुणी कोर्टात गेलं नाही. 'ब्लॅक नाइट'चा बेसही १९६२ मधल्या रिकी नेल्सनच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून आला, हेही बँडने मान्य केलं आहे. यावरून काही टीकाकार मौलिकतेचा प्रश्न काढतात. त्या काळच्या रॉकमध्ये अशी देवाणघेवाण रोजची होती, आणि मूळ 'बॉम्बे कॉलिंग' ऐकली की धून तीच असूनही 'चाइल्ड इन टाइम' किती दूर गेला ते कळतं.

दुसरा धागा थेट आहे. एप्रिल १९९५ मध्ये, मोर्स येऊन काही महिनेच झाले असताना, बँड मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात वाजवायला आला. पुढच्या वर्षी मायकेल जॅक्सन आला ते हेच मैदान. 'पर्पेंडिक्युलर' अजून बाजारात यायचा होता, म्हणजे मोर्सबरोबरचा डीप पर्पल कसा वाजतो हे युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक चाहत्यांच्या आधी मुंबईकरांनी ऐकलं. त्या मैफलीचं चित्रीकरण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने निघालं. मार्क सेव्हन अगदी कोवळा असताना कसा होता हे पाहायला ते आजही उपयोगी पडतं.

जे अजून सुटलेलं नाही

हॉल ऑफ फेमच्या यादीचा निकष काय होता, हे पहिलं. एव्हन्स आहे आणि त्याच पथकातला सिम्पर नाही, कव्हरडेल-ह्यूज आहेत आणि बोलिन नाही, या निवडीला कोणतंही एक सूत्र लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न गळ्याचा. 'चाइल्ड इन टाइम' गिलनने गेली दोन दशकं मैफलीत गायलेलं नाही, कारण त्यातल्या किंकाळ्या आता शक्य नाहीत. एका पक्षाच्या मते हा प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्याच्या मते, जो बँड आपलं सर्वांत महत्त्वाचं गाणं सादर करू शकत नाही त्याने थांबावं. नव्या अल्बमांची बाजू इथे उपयोगी पडते, कारण 'वूश!' आणि '=१' यांतली गाणी आजच्या गळ्यासाठी लिहिलेली आहेत आणि त्या मर्यादेत चांगली आहेत. विक्रीयादीतला चौथा क्रमांक १९७० मध्ये आणि २०२० मध्ये सारखा मोजायचा का, हा वेगळा विषय. आज त्या क्रमांकासाठी त्या मानाने खूपच कमी प्रती लागतात.

तिसरा प्रश्न जुन्या ध्वनिमुद्रणांचा. २०२४ मध्ये 'मशीन हेड'ची पन्नाशीची आवृत्ती आली. तिचं नवं मिश्रण ड्वीझिल झापाने केलं. ज्याच्या मैफलीत माँत्रोचा कसिनो जळाला त्या फ्रँक झापाचा हा मुलगा. मूळ फितींवरचे वेगवेगळे पट्टे सुटे करून ऐकता आले तर कोणी काय वाजवलं, कुठली कल्पना कुठून सुरू झाली, याबद्दल श्रेयनामावलीपेक्षा जास्त कळू शकतं. तसा पद्धतशीर अभ्यास कुणी हाती घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ब्लॅकमोरपक्ष आणि लॉर्डपक्ष यांच्यातला निवाडा झालाच तर तिथून होईल.

आणि चौथा प्रश्न पेसचा. तो १९४८ चा आहे, २०१६ मध्ये स्टॉकहोममध्ये त्याला सौम्य पक्षाघात झाला आणि काही मैफली रद्द कराव्या लागल्या, मग तो परतला. तो थांबला तर गिलन आणि ग्लोव्हर नाव चालवतील का, आणि चालवलं तर १९६८ च्या पथकातला एकही माणूस नसलेल्या त्या बँडला चाहते काय म्हणतील, यावर बँडने काही जाहीर केलेलं नाही. चाहत्यांनी क्रमांक मात्र आधीच ठरवून ठेवला आहे : मार्क टेन.